उपग्रहाविना सातारा ते सेशेल्स : लांब पल्ल्याचा विमानमार्ग कागदावर आखण्याची रीत

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा विमानाला त्याचे स्थान सांगणारा एकही उपग्रह आकाशात नव्हता. त्यानंतरही जवळजवळ अर्धशतक हजारो विमानांनी समुद्र ओलांडले ते होकायंत्र, घड्याळ, तारे, रेडिओलहरी आणि पुढच्या काळात जडत्वावर चालणारी यंत्रे यांच्या आधाराने. ही विद्या आता वैमानिकांच्या अभ्यासक्रमातही थोडकीच उरली आहे. पण ती घरच्या टेबलावर, पेन्सिल आणि कागद घेऊन, अगदी नीट शिकता येते. सातारा आणि सांगली परिसरातील विज्ञानशिक्षक, भूगोलात रस असलेले आठवी-नववीपासूनचे विद्यार्थी आणि संगणकावर उड्डाणाचा सराव करणारे हौशी यांना डोळ्यांसमोर ठेवून हा मार्गदर्शक लिहिला आहे.

सरावासाठी आपण सातारा ते सेशेल्समधील माहे बेट हा मार्ग घेऊ. काळ साधारण १९८५ चा, महिना जानेवारीचा, विमान २४० नॉट (म्हणजे तासाला २४० सागरी मैल) वेगाचे, चार पंख्यांचे मालवाहू. मुद्दाम हा मार्ग घेण्याचे कारण असे की, कोकण किनारा सुटल्यावर माहेपर्यंत वाटेत ओळख पटवावी अशी जमीन जवळजवळ नाही आणि म्हणून प्रत्येक पद्धतीची गरज का होती हे आपोआप कळते. संपूर्ण सरावात एक शिस्त पाळायची आहे. नेव्हिगेटर, म्हणजे विमानाचे स्थान आणि दिशा काढणारा, आधी स्वतःचे उत्तर वहीत लिहीत असे आणि मगच यंत्राचे उत्तर पाहत असे. हा क्रम उलटला की चूक पकडण्याचे साधनच हातातून जाते.

कागद आणि आखणी

ए-३ आकाराचा आलेख-कागद, कोनमापक, विभाजक, लांब पट्टी, टोकदार पेन्सिल आणि त्रिकोणमितीची बटणे असलेला कॅल्क्युलेटर एवढे साहित्य पुरेसे आहे. एक सेंटिमीटर म्हणजे ५० सागरी मैल हे प्रमाण धरावे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, त्यामुळे एका अक्षांशाला १.२ सेंटिमीटर लागतील. रेखांश मात्र विषुववृत्तापासून दूर जाताना जवळ येतात. या पट्ट्यात त्यांच्यातील सरासरी अंतर अक्षांशांच्या ०.९८७ पट आहे, म्हणून एका रेखांशाला १.१८ सेंटिमीटर घ्यावे. उत्तरेला २० अंश उत्तर, दक्षिणेला ६ अंश दक्षिण, पूर्वेला ७५ आणि पश्चिमेला ५४ अंश अशी चौकट आखली की सारा मार्ग एका कागदावर मावतो.

सातारा १७ अंश ४१ मिनिटे उत्तर, ७४ अंश पूर्व येथे आणि माहे ४ अंश ४० मिनिटे दक्षिण, ५५ अंश ३१ मिनिटे पूर्व येथे मांडावे. दोन्ही बिंदू जोडून मोजले की अंतर सुमारे १७३० सागरी मैल आणि दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे २१९ अंश मिळते. ही रेषा म्हणजे आपला ट्रॅक. घरातील जिल्ह्याच्या नकाशावर हीच रेषा ओढून पाहावी. ती साताऱ्याहून निघून कोयना धरणाच्या भिंतीजवळून जाते, सह्याद्री ओलांडते आणि रत्नागिरीच्या किंचित दक्षिणेला, पावसच्या आसपास, समुद्रात उतरते. अनोळखी समुद्रावर निघालेल्या नेव्हिगेटरला अशा शेवटच्या खुणा फार मोलाच्या असत. कोयनेचा शिवसागर जलाशय आणि रत्नागिरीच्या किल्ल्यावरचे दीपगृह कोणत्या बाजूला आणि किती वाजता दिसले याची नोंद झाली की त्या एका नोंदीत दिशेची आणि वेगाची पहिली तपासणी होऊन जाते.

वाऱ्याचा त्रिकोण

विमान हवेत उडते आणि हवा स्वतः सरकत असते. म्हणून नाकाची दिशा आणि जमिनीवरची वाट या दोन गोष्टी वेगळ्या असतात. हवामान खात्याच्या अंदाजानुसार वारा २७९ अंशांकडून ३० नॉटने वाहतो आहे असे धरू. ट्रॅक आणि वारा यांतील कोन ६० अंशांचा झाला. ३० ला ६० अंशांच्या साइनने गुणले की २६ नॉटचा आडवा घटक मिळतो, आणि कोसाइनने गुणले की समोरून येणारा १५ नॉटचा घटक मिळतो. २६ भागिले २४० याचा कोन सुमारे ६ अंश. वारा उजवीकडून येत असल्याने नाक ६ अंश उजवीकडे, म्हणजे २२५ अंशांवर ठेवावे लागेल. जमिनीवरचा वेग २२४ नॉट उरतो आणि १७३० मैलांना ७ तास ४३ मिनिटे लागतात.

होकायंत्रावर धरायची दिशा काढताना चुंबकीय दिक्पात, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन, विसरू नये. आपल्याकडे तो नगण्य आहे. सेशेल्सकडे जाताना तो पश्चिमेला काही अंश वाढतो आणि पश्चिम दिक्पात खऱ्या दिशेत मिळवायचा असतो. लांबच्या प्रवासात ही दुरुस्ती टप्प्याटप्प्याने बदलत जाते, म्हणून ती वहीच्या स्वतंत्र रकान्यात लिहावी.

दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांवरून स्थान काढत जाण्याच्या या पद्धतीला डेड रेकनिंग म्हणतात. तिला कमी लेखण्याची चूक अनेक जण करतात. बाकीची सारी यंत्रे तिच्यावर उभी होती, आणि सगळी बंद पडली तरी ती उरत असे. मात्र तिची अनिश्चितता तासागणिक वाढते. वाऱ्याचा अंदाज १० नॉटने चुकला तर दोन तासांत २० मैलांची चूक साचते. म्हणून वहीत प्रत्येक स्थानाशेजारी ‘किती मैलांच्या आत’ हेही लिहावे आणि कागदावर तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे. ते मोठे होत जाताना पाहणे हाच या सरावातला पहिला मोठा धडा आहे.

परत फिरायचे की पुढे जायचे

निघण्यापूर्वी दोन बिंदू कागदावर मांडल्याशिवाय जुन्या काळी कोणी समुद्रावर जात नसे. समजा राखीव इंधन बाजूला ठेवून ११ तास उडता येते. परतताना तोच वारा मागून मदत करील आणि वेग २५४ नॉट होईल. ११ ला २५४ ने गुणून २२४ अधिक २५४, म्हणजे ४७८ ने भागले की ५ तास ५१ मिनिटे येतात. एवढ्या वेळेनंतर, सुमारे १३०९ मैलांवर, साताऱ्याला परतण्याचा मार्ग बंद होतो. दुसरा, बरोबरीचा बिंदू इंधनाशी नव्हे, वेळेशी संबंधित आहे: इंजिन बिघडले किंवा माणूस आजारी पडला तर पुढे जाणे लवकरचे की मागे येणे? १७३० ला २५४ ने गुणून ४७८ ने भागले की ९१९ मैल, म्हणजे ४ तास ६ मिनिटे. वारा नसता तर हा बिंदू बरोबर मध्यावर, ८६५ मैलांवर आला असता. समोरच्या वाऱ्याने तो पुढे ढकलला गेला. हे दोन्ही बिंदू मांडले की ताऱ्यांचे वेध कधी घ्यायचे हेही ठरते, कारण निर्णयाच्या आधी स्थान पक्के हवे.

रेडिओच्या वेळेवरून स्थान : सातारा, सांगली, रत्नागिरी

रेडिओ नेव्हिगेशनमधील सर्वांत सुंदर कल्पना म्हणजे दोन केंद्रांच्या लहरी पोहोचण्याच्या वेळेतील फरक मोजणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘जी’ आणि अमेरिकेत ‘लोरान’ या पद्धती याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. पुढे १०० किलोहर्ट्झवरील लोरान-सी आली. गुजरातेत ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा येथे लोरान-सीची केंद्रे होती, हे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासातले एक विसरले गेलेले पान आहे. विमानाने काहीही प्रक्षेपित करायचे नसते, फक्त ऐकायचे असते, म्हणून एकाच वेळी कितीही विमाने आणि जहाजे ती वापरू शकत.

हे तत्त्व हाताने करून पाहण्यासाठी वेगळा कागद घ्यावा आणि त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर या प्रमाणात सातारा, सांगली आणि रत्नागिरी मांडावीत. सातारा मूळबिंदू धरला तर सांगली पूर्वेला ६० आणि दक्षिणेला ९१ किलोमीटर येते. रत्नागिरी पश्चिमेला ७४ आणि दक्षिणेला ७६ किलोमीटर. तिन्ही ठिकाणी रेडिओकेंद्रे आहेत आणि ती एकाच क्षणी ठोका देतात अशी कल्पना करावी. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते.

आता समजा आपल्या ग्राहकयंत्रावर साताऱ्याचा ठोका सांगलीच्या ठोक्यापेक्षा ४९ मायक्रोसेकंद आधी आला. याचा अर्थ आपण सांगलीपेक्षा साताऱ्याला सुमारे १४.६ किलोमीटरने जवळ आहोत. साताऱ्याभोवती ५० किलोमीटर त्रिज्येचा आणि सांगलीभोवती ६४.६ किलोमीटर त्रिज्येचा कंस काढावा. ते दोन ठिकाणी छेदतात. मग ६० आणि ७४.६, ७० आणि ८४.६ असे करत जावे. दोन केंद्रांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरचा बिंदू साताऱ्यापासून सुमारे ४७ किलोमीटरवर मिळतो. हे सगळे बिंदू जोडले की साताऱ्याकडे वळलेली एक वक्ररेषा उमटते. हा अपास्त. आपण त्या रेषेवर कुठेतरी आहोत, एवढेच एका जोडीवरून कळते.

दुसऱ्या जोडीत साताऱ्याचा ठोका रत्नागिरीपेक्षा १७२ मायक्रोसेकंद आधी येतो असे धरावे, फरक ५१.६ किलोमीटरचा. पुन्हा तसेच कंस काढून दुसरी वक्ररेषा ओढली की दोन्ही रेषा साताऱ्याच्या आग्नेयेला, ४८ किलोमीटरवर छेदतात. जिल्ह्याच्या नकाशाशी ताडून पाहावे. तो बिंदू कऱ्हाडवर पडतो. वर्गात हा प्रयोग करताना शिक्षकांनी आधी गावाचे नाव सांगू नये. तासगाव, विटे, चिपळूण अशी ठिकाणे मनात धरून फरक काढून द्यावेत आणि विद्यार्थ्यांना गाव शोधायला लावावे. तासगावसारख्या, सांगलीला जवळच्या ठिकाणी फरक उलटा पडेल, म्हणजे सांगलीचा ठोका आधी येईल. हा उलटसुलटपणा टाळण्यासाठीच प्रत्यक्ष लोरानमध्ये दुय्यम केंद्रे मुख्य केंद्राच्या ठोक्यानंतर ठरावीक विलंब करून आपला ठोका देत असत. रेषा जिथे काटकोनाजवळ छेदतात तिथे स्थान पक्के आणि जिथे त्या जवळजवळ समांतर धावतात तिथे लांबट, संशयास्पद, हेही कागदावर डोळ्यांनी दिसेल.

ओमेगा आणि पट्ट्यांचा प्रश्न

लोरान-सीच्या जमिनीलगत जाणाऱ्या लहरी समुद्रावर साधारण हजार मैलांपर्यंत विश्वासाच्या होत्या. साऱ्या पृथ्वीसाठी उत्तर आले ते ओमेगा या रेडिओव्यवस्थेचे. नॉर्वे, लायबेरिया, हवाई, नॉर्थ डाकोटा, रियुनियन, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि जपानमधील त्सुशिमा अशा अवघ्या आठ केंद्रांनी संपूर्ण जग व्यापले होते. लहरी १०.२ ते १३.६ किलोहर्ट्झ इतक्या कमी वारंवारतेच्या होत्या. जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) यांच्या मधल्या पोकळीतून त्या हजारो मैल जात. दर दहा सेकंदांच्या चक्रात केंद्रे ठरलेल्या क्रमाने बोलत आणि विमानातील यंत्र दोन केंद्रांच्या लहरींची कला (फेज, म्हणजे लहर तिच्या चढउतारात कुठे आहे ते) ताडून पाही.

आपल्या मार्गावर रियुनियन हे केंद्र जवळजवळ समोर, तर जपान आणि ऑस्ट्रेलिया पाठीमागे आणि डावीकडे येतात. म्हणून लायबेरियाची जोड घेतली की छेद चांगला मिळतो. अडचण अशी की कला दर अर्ध्या लहरीला पुन्हा तीच येते. १०.२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १६ सागरी मैल, त्यामुळे दोन केंद्रांमधल्या रेषेवर दर ८ मैलांना आकडा पुन्हा तोच. समुद्र असा ८-८ मैलांच्या पट्ट्यांत विभागला जातो आणि आपण पट्टीत कुठे आहोत हे यंत्र सांगते. कोणत्या पट्टीत, हे सांगत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी यंत्राला सुरुवातीचे स्थान अचूक भरून द्यावे लागे आणि मग ते पट्ट्या मोजत जाई. मध्येच वीज गेली किंवा विजांच्या गडगडाटाने संकेत बुडाला तर मोजणी चुकत असे. सरावात ही वेळ मुद्दाम आणावी: चार तासांनंतर यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले असे धरावे आणि स्वतःच्या डेड रेकनिंगच्या वर्तुळाकडे पाहावे. वर्तुळाची त्रिज्या ४ मैलांपेक्षा कमी असेल तर पट्टी ठरली. जास्त असेल तर १३.६ आणि १०.२ या दोन वारंवारतांचा फरक, ३.४ किलोहर्ट्झ, वापरावा. त्याने पट्टी २४ मैलांची होते आणि १२ मैलांपर्यंतची चूक चालते. तेवढ्यानेही भागत नसेल तर ११.३३ आणि १०.२ चा फरक घ्यावा, पट्टी ७२ मैलांची होईल. रुंद पट्टीने अरुंद पट्टी ओळखायची आणि अरुंद पट्टीत स्थान वाचायचे. दिवस आणि रात्र यांत आयनांबराची उंची बदलते, त्यामुळे मावळतीच्या सुमारास दुरुस्तीचे आकडे बदलतात. त्या तासाभरात ओमेगावर कमी विश्वास टाकावा. एरवी दोन ते चार मैलांत ते स्थान देई. ३० सप्टेंबर १९९७ रोजी ही व्यवस्था कायमची बंद करण्यात आली.

ताऱ्यांचा वेध

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे मत आहे. यंत्र बंद करता येते, केंद्र पाडता येते. तारे कोणाच्या ताब्यात नसतात. १९४३ ते १९४५ या काळात क्वांटासची कॅटालिना विमाने पर्थहून सिलोनला हिंदी महासागरावरून रेडिओ न वापरता जात, २७ ते ३३ तास उडत, ती मुख्यतः ताऱ्यांच्या भरवशावर.

पहिला सराव घराच्या गच्चीवरून करावा. कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवावी, मध्यबिंदूला दोरा आणि वजन बांधून ओळंबा करावा, आणि नळीतून ध्रुव तारा पाहावा. दोऱ्याने दाखवलेल्या कोनावरून ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची मिळते आणि ती जवळजवळ आपल्या अक्षांशाइतकी असते: साताऱ्यात १७ अंश ४१ मिनिटे, सांगलीत १६ अंश ५१ मिनिटे. ध्रुव खऱ्या उत्तरध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला असल्याने तेवढा फरक पडू शकतो. दोन मित्रांनी एक साताऱ्यातून आणि एक सांगलीतून एकाच वेळी मोजावे. फरक ५० मिनिटांच्या जवळ यायला हवा. घरगुती साधनाची चूक सहज अर्ध्या अंशाची असते, म्हणजे ३० मैल, म्हणून दहा-बारा वाचने घेऊन सरासरी काढावी. विमानातही हेच करत. हलत्या विमानात क्षितिज दिसत नाही, म्हणून सेक्स्टंटमध्ये (ताऱ्याची उंची मोजण्याच्या यंत्रात) पाण्याच्या पातळीसारखा बुडबुडा असे आणि दोन मिनिटे सतत घेतलेल्या वाचनांची सरासरी धरली जाई. सूर्याकडे या नळीतून कधीही पाहू नये.

दुसरी गोष्ट घड्याळ. पृथ्वी चार सेकंदांत एक मिनिट कोनातून फिरते, म्हणून घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्ताजवळ एक सागरी मैल चुकतो. यासाठीच दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून ‘एटीए’ या नावाने रेडिओवर वेळेचे संकेत प्रसारित होत.

आपले विमान साताऱ्याहून दुपारी साडेचारला निघाले असे धरू. साडेपाचच्या सुमारास सूर्य जवळपास नाकासमोर असेल. समोरच्या खगोलाची स्थानरेषा, म्हणजे त्याच्या वेधावरून आपण जिच्यावर कुठेतरी आहोत असे कळते ती रेषा, आपल्या वाटेला आडवी पडते, म्हणून ती आपण किती पुढे आलो ते सांगते, डावी-उजवी चूक सांगत नाही. अमेलिया इअरहार्ट जून १९३७ मध्ये कराची आणि कलकत्त्याहून पुढे गेली आणि २ जुलैला हाउलँड बेट न सापडल्याने बेपत्ता झाली. तिच्या शेवटच्या संदेशांत १५७-३३७ अशा एका रेषेचा उल्लेख होता. रेषा हाती असणे आणि त्या रेषेवरची जागा हाती असणे यांतले अंतर त्या एका उदाहरणात दिसते.

रात्री साडेआठला, चार तास झाले असता, अंदाजे ६ अंश उत्तर अक्षांशावर तीन तारे घ्यावेत. मध्य जानेवारीत त्या वेळी ब्रह्महृदय ईशान्येला, अगस्त्य आग्नेयेला आणि उत्तरा भाद्रपदेचा तेजस्वी तारा वायव्येला असतो. तिघे आकाशभर चांगले पसरलेले. (साताऱ्यात शहरातून अगस्त्य पाहायचा तर दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा येतो, म्हणून किल्ल्यावर जाणे बरे.) ब्रह्महृदयाचे उदाहरण घेऊ. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातील विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, ४६ अंश उत्तर. पंचांगातील आकडे आणि वेळ यांवरून त्याचा तास-कोन, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण वर्तुळापासूनचा कोन, पूर्वेला ३६ अंश निघाला. अक्षांशाची साइन गुणिले क्रांतीची साइन, अधिक अक्षांशाची कोसाइन गुणिले क्रांतीची कोसाइन गुणिले तास-कोनाची कोसाइन, ही बेरीज ०.६३४ येते आणि तिचा कोन ३९ अंश २१ मिनिटे. मानलेल्या जागी आपण असतो तर तारा इतका उंच दिसला असता. सेक्स्टंटने ३९ अंश ३३ मिनिटे दाखवली. म्हणजे आपण मानलेल्या जागेपेक्षा ताऱ्याकडे १२ मैल जवळ आहोत. कागदावर मानलेल्या बिंदूपासून ताऱ्याच्या दिशेने १२ मैल मोजावे आणि तिथे त्या दिशेला काटकोनात रेषा ओढावी.

तीन वेध चार-चार मिनिटांच्या अंतराने घेतले तर दर दोन वेधांमध्ये विमान १५ मैल पुढे जाते. आधीच्या रेषा ट्रॅकच्या दिशेने तेवढ्या (दुसरी १५, पहिली ३० मैल) सरकवून घ्याव्यात. तीन रेषांचा छोटा त्रिकोण होतो आणि त्याचा मध्य म्हणजे फिक्स. त्रिकोण मोठा आला तर घाईने एखादी रेषा खोडू नये. आधी वेळेची नोंद तपासावी, चूक बहुधा तिथेच सापडते.

समजा फिक्स ट्रॅकच्या डावीकडे २२ मैल आला. ८९६ मैल झाले आहेत, ८३४ उरले आहेत. साठ मैलांमागे एक मैल म्हणजे एक अंश हा नियम लावला की आतापर्यंतची चूक दीड अंश आणि माहेला पोचण्यासाठी आणखी सुमारे दीड अंश, मिळून ३ अंश उजवीकडे. नाकाची नवी दिशा, म्हणजे हेडिंग, २२८. सहा मिनिटांनी बरोबरीचा बिंदू येतो, आणि तो ओलांडताना आता आपल्याला स्थान माहीत आहे.

डॉप्लर आणि जडत्व

डॉप्लर रडार जमिनीकडे तिरपे किरण सोडून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतील बदलावरून वेग आणि ड्रिफ्ट (वाऱ्याने होणारे बाजूचे सरकणे) थेट देई. समुद्र अगदी शांत असला की प्रतिध्वनी क्षीण होई, आणि पाणी स्वतः वाहत असल्याने थोडी चूक राही. आपल्या सरावात त्याने दिलेला ड्रिफ्ट वाऱ्याच्या त्रिकोणाशी ताडण्यापुरता वापरावा.

जडत्व यंत्रणा अधिक खोल आहे. गतिरोध आणि वेगवाढ मोजत, त्यांची बेरीज करत ती स्थान काढते. बाहेरून काहीच लागत नाही. १९७० च्या दशकात बोइंग ७४७ विमानांत अशा तीन-तीन यंत्रणा असत, आणि चूक तासाला साधारण एक मैलाने वाढे, ८४.४ मिनिटांच्या आवर्तनाने ती हेलकावेही खाई. पण सुरुवातीचे स्थान माणसानेच भरायचे असे. उभ्या विमानात पृथ्वीच्या फिरण्यावरून यंत्र अक्षांशाची चूक ओळखू शके, रेखांशाची नाही. साताऱ्याचा ७४ हा आकडा ४७ भरला तर यंत्र तो निमूटपणे स्वीकारील. म्हणून एकाने भरावे आणि दुसऱ्याने नकाशा हातात घेऊन मोठ्याने वाचून तपासावे.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे विमान शेकडो मैल भरकटून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. जडत्व यंत्रणा विमानात होती, परंतु स्वयंचलित वैमानिक तिला जोडलेला नव्हता आणि विमान चुंबकीय हेडिंगवरच चालत राहिले, असा आंतरराष्ट्रीय तपासाचा निष्कर्ष आहे. वहीतील अंदाज आणि यंत्राचा आकडा दर अर्ध्या तासाला शेजारी-शेजारी लिहिण्याची सवय इतकी महत्त्वाची का, हे त्या नोंदी वाचल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. त्याच महिन्यात अमेरिकेने जीपीएस नागरी विमानांसाठी खुले करण्याची घोषणा केली.

बेट गाठणे

शेवटच्या तासात वर्तुळाची त्रिज्या २० मैल आहे असे धरू. थेट माहेवर रोख ठेवला आणि वेळ संपल्यावर बेट दिसले नाही, तर ते डावीकडे आहे की उजवीकडे हे कळत नाही. १९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे एकटे जाताना नॉरफोक आणि लॉर्ड हाउ ही इवली बेटे शोधायला मुद्दाम एका बाजूला रोख धरत असत. तसेच करावे. माहेच्या उजवीकडे, म्हणजे वायव्येला, ३० मैलांवरचा बिंदू लक्ष्य मानावा. रात्री बाराच्या सुमारास अग्रनद हा तारा नैर्ऋत्येला, जवळपास नाकासमोर, साधारण १७ अंशांवर असेल. माहेवरून जाणारी त्याची स्थानरेषा आधीच कागदावर ओढून ठेवावी आणि त्या रेषेवर तारा त्या-त्या वेळी किती उंच दिसेल हे काढून ठेवावे. तारा मावळतीकडे उतरत असला तरी जसजसे जवळ जाऊ तसतशी त्याची मोजलेली उंची त्या वेळच्या गणिताच्या उंचीजवळ येते. मोजलेली उंची गणिताच्या उंचीइतकी झाली की आपण रेषेवर आलो. तेव्हा डावीकडे काटकोनात वळावे. आता बेट फक्त समोर असू शकते, १० ते ५० मैलांच्या आत, म्हणजे जास्तीत जास्त तेरा-चौदा मिनिटे. माहेचे सर्वोच्च शिखर ९०५ मीटर उंच आहे, म्हणून खाली उतरण्यापूर्वी रडारवर किनारा स्पष्ट दिसेपर्यंत उंची सोडू नये, आणि वहीत बेट दिसल्याची वेळ लिहून डेड रेकनिंगची वेळ तिच्याशेजारी मांडावी.